उन्हानें बिघडणारी कातडी : तिची ओळख, निवारण व उपचार

पिकावर तांबेरा पडला कीं भुरी आली, हें आमचा शेतकरी पान पालथें करून पाहतांक्षणींच सांगतो. जनावर रवंथ करीनासें झालें तर त्याचें पोट बिघडलें हें त्यास दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं. परंतु स्वतःच्या मानेवरील, हातांवरील किंवा तोंडावरील कातडी काळवंडली, जाड झाली, फुटली वा चरचरूं लागली, तर "ऊन लागलें" एवढेंच म्हणून तो पुन्हां कामास लागतो. पुष्कळदां हें म्हणणें खरें असतें. परंतु कित्येकदां तें अर्धेंच खरें असतें. उन्हाच्या जोडीस दुसरें कांहीं तरी असतें. कधीं एखादें गवत, कधीं एखाद्या झाडाचा रस, कधीं अपुरें अन्न, तर कधीं पोटांत घेतलेलें औषध. हा जोडीदार ओळखला गेला नाहीं म्हणजे वर्षानुवर्षें मलमांवर पैसा खर्च होतो, मजुरीचे दिवस बुडतात आणि विकार मात्र वाढत जातो. म्हणून नुसत्या उन्हानें काय होतें, उन्हाच्या जोडीदारांनीं काय होतें, हें कसें ओळखावें व त्यावर काय करावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या भागाचें ऊन

सांगली जिल्ह्याचा पुष्कळसा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यांतच होता. त्या सालीं तो दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला व १९६० पासून त्यास सांगली हें नांव मिळालें. जिल्हे दोन झाले, तरी ऊन एकच राहिलें. हा सर्व प्रदेश सुमारें सतराव्या अक्षांशाच्या आसपास असल्यामुळें सूर्य येथें वर्षांतून दोनदां बरोबर डोक्यावर येतो. एकदां मेच्या पहिल्या पंधरवड्यांत व पुन्हां ऑगस्टच्या आरंभीं. ऑगस्टांत ढग आड येतात. मे महिन्यांत आभाळ निरभ्र असतें. माण, खटाव, आटपाडी, कवठें महांकाळ व जत या अवर्षणाच्या मुलखांत तर बांधावर झाडही विरळा. तेथें भांगलणीस बसलेल्या बायकांना दिवसभर आडोसा मिळत नाहीं. कृष्णाकांठीं ऊंसतोडीचीं माणसें डिसेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत उघड्यावर असतात. तासगांवकडे द्राक्षांचा हंगामही याच दिवसांत येतो.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कातडी जाळणारी वस्तु म्हणजे उन्हाची उष्णता नव्हे. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे असे किरण असतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडे ते पडतात म्हणून त्यांस अतिनील किरण म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ रिटर यांनीं १८०१ सालीं ते शोधून काढले. कातडीचें नुकसान होतें तें मुख्यतः या किरणांनीं. त्यामुळें वारा गार आहे म्हणून ऊन सौम्य आहे असें समजणें चुकीचें ठरतें. महाबळेश्वर-पांचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत काम करणाऱ्यास गारव्यामुळें ऊन जाणवत नाहीं. परंतु जमीन समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंच गेली कीं हे किरण सुमारें एकदशांशानें वाढतात, आणि महाबळेश्वर तर तेराशें मीटरांहून उंच आहे. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खालीं येतात. म्हणून ज्यास चटका बसत नाहीं त्याचें नुकसान होत नाहीं, असें म्हणतां येत नाहीं.

नुसत्या उन्हाचीं लक्षणें

आमच्या कातडींत मेलॅनिन नांवाचें काळें रंगद्रव्य असतें. ऊन लागलें म्हणजे कातडी तें अधिक तयार करते. यालाच आपण रापणें म्हणतों. हें रापणें म्हणजे कातडीनें स्वतःवर धरलेली छत्रीच होय. गोऱ्या लोकांच्या मानानें आपल्या लोकांत उन्हानें होणारा कातडीचा कर्करोग विरळा आढळतो, तो याच छत्रीमुळें. परंतु छत्री फाटूं शकते, आणि कांहींच्या वांट्यास ती जन्मतःच येत नाहीं.

शेतांत राबणाऱ्याची कातडी उन्हानें बिघडते ही गोष्ट वैद्यांच्या ध्यानांत येऊन शंभर वर्षें उलटून गेलीं. जर्मनींत उन्ना यांनीं १८९४ सालीं खलाशांच्या कातडीचें वर्णन केलें. त्यानंतर लौकरच फ्रान्समध्यें बोर्डो येथील डॉक्टर दुब्रय यांस असें दिसून आलें कीं, शहरांतील लोकांपेक्षां द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या लोकांच्या तोंडावर व हातांवर खरखरीत चट्टे व कर्करोग अधिक होतात. ज्या बोर्डोच्या नांवाचें मोरचूद-चुन्याचें मिश्रण आमचे बागाईतदार द्राक्षांवर फवारतात, तेंच हें बोर्डो. वेलीची औषधयोजना आम्हीं तेथून घेतली. वेलीखालीं राबणाऱ्याच्या कातडीबद्दल तेथें मिळालेला धडाही घेण्याजोगा आहे.

नुसत्या उन्हाचीं लक्षणें अशीं. एकाच दिवशीं फार ऊन लागलें तर कांहीं तासांनीं कातडी तांबूस किंवा काळसर होते, झोंबते, हात लावूं देत नाहीं. क्वचित् फोड येतात व चार-सहा दिवसांनीं साल निघते. हेंच वर्षानुवर्षें होत राहिलें म्हणजे कातडी जाड, कोरडी व सुरकुतलेली होते. मानेच्या मागें तर काळ्या रानास भेगा पडाव्यात तशा चौकटी दिसूं लागतात. गालांवर, नाकावर व कपाळावर तपकिरी वांग येतो. स्त्रियांस तो अधिक येतो. गरोदरपणीं व संततिनियमनाच्या गोळ्यांनीं तो वाढतो, आणि उन्हानें गडद होतो. खालचा ओंठ कोरडा पडून त्यास भेगा पडतात.

या सर्वांहून महत्त्वाची खूण म्हणजे जागा. ऊन वरून पडतें. म्हणून तें जेथें पडतें तेथेंच खूण करतें. कपाळ, नाकाचा शेंडा, गालांचीं हाडें, कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, सदऱ्याच्या गळ्यांतून उघडी राहणारी छाती आणि हाताचे पंजे वरच्या बाजूनें, या त्याच्या जागा होत. वरच्या पापण्या, कानामागची घडी, हनुवटीच्या खालची जागा, बोटांमधल्या बेचक्या व कोपराच्या आंतली बाजू हीं ठिकाणें सावलींत असतात, व नुसत्या उन्हाच्या विकारांत तीं बहुधा स्वच्छ राहतात. आरशांत पाहून किंवा घरच्या माणसाकडून ही पाहणी कोणासही करतां येते. सावलींतील जागाही बिघडलेल्या दिसल्या, तर ऊन एकटें नाहीं असें समजावें.

पहिला जोडीदार : गाजर गवत

पांढऱ्या बारीक फुलांचें व गाजरासारख्या पानांचें हें गवत आज बांध, पडीक, रस्त्याची कड व गांवठाण यांवर सर्वत्र माजलें आहे. कोणी त्यास काँग्रेस गवतही म्हणतात. हें मूळचें अमेरिकेच्या उष्ण भागांतील. आपल्याकडे पुण्याच्या आसपास त्याची शास्त्रीय नोंद १९५६ सालीं झाली. परदेशांतून आलेल्या धान्याबरोबर त्याचें बीं आलें असें सामान्यतः मानलें जातें. एकेका रोपास हजारों बिया धरतात, आणि जनावरें तें आवडीनें खात नाहींत. त्यामुळें थोड्याच वर्षांत तें देशभर पसरलें.

या गवतांत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. पानाफुलांवरील बारीक लव, सुकलेल्या पानांचा भुगा व धूळ यांबरोबर तें वाऱ्यानें उडून अंगावर बसतें. प्रत्येकास त्याचा त्रास होत नाहीं. परंतु ज्याच्या कातडीस एकदां त्याची अडचण झाली, त्यास पुढें अल्प स्पर्शानेंही खाज सुटते. पुण्यांत या गवतानें होणाऱ्या त्वचारोगाचे पुष्कळ रोगी आढळूं लागल्यावर डॉ. लोणकर यांनीं परदेशांतील सहकाऱ्यांसह १९७४ सालीं त्याविषयीं सविस्तर लेख प्रसिद्ध केला व जगभरच्या वैद्यांचें लक्ष या विकाराकडे वेधलें.

हा विकार दिसण्यांत उन्हाच्या विकारासारखाच असतो, कारण तोही उघड्या अंगावर होतो. परंतु वारा व धूळ सावलींतही शिरतात. म्हणून पापण्या सुजणें, कानामागें व हनुवटीखालीं खाज येऊन कातडी लाल व जाड होणें, कोपराच्या व गुडघ्याच्या आंतील घडींत इसबाप्रमाणें पाणी सुटणें, ही या गवताची खूण होय. पावसाळ्यांत गवत फुलोऱ्यास आलें कीं त्रास वाढतो. परगांवीं जाऊन महिनाभर राहिलें व तेथें गवत नसलें तर त्रास उणावतो, आणि परत आल्यावर पुन्हां सुरू होतो. याकडे दुर्लक्ष केलें तर कांहीं वर्षांनीं रोग्याची कातडी खुद्द उन्हासही सोशीनाशी होते. मग गवत दूर असतांही दुपारीं बाहेर पडणें कठीण जातें. ज्याचें पोट शेतावर, त्यास याहून मोठी आपत्ति कोणती? आरंभीं ओळखलें तर ही पाळी बहुधा टळते.

दुसरा जोडीदार : झाडांचे रस

कांहीं झाडांच्या रसांत असें द्रव्य असतें कीं, तें कातडीवर असतांना ऊन लागलें तर तेवढीच जागा भाजते. कागदी लिंबाचा रस, अंजिराचा चीक व बावची हीं त्यांचीं परिचित उदाहरणें. लिंबें पिळून वा अंजिरें तोडून हात न धुतां उन्हांत गेलें, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ओघळाच्या किंवा बोटांच्या आकाराचे लाल पट्टे व फोड उठतात. ते बरे झाले तरी काळा डाग कित्येक महिने राहतो. डागाचा आकारच येथें साक्ष देतो. वांग जावा म्हणून तोंडास लिंबू चोळून उन्हांत जाणें कसें उलटें पडतें, हेंही यावरून ध्यानीं येईल. कोडावर बावची लावून उन्हांत बसण्याची जुनी चिकित्सा आहे. ती जाणत्या वैद्याच्या देखरेखीवांचून केल्यास कातडी भाजून निघते.

तिसरा जोडीदार : अपुरें अन्न

मानेभोंवतीं हार घातल्याप्रमाणें, आणि हातापायांवर मोजे घातल्याप्रमाणें रेखीव कड असलेली काळी, जाड, भेगाळलेली कातडी दिसली, दोन्ही बाजूंस सारखीच दिसली, आणि त्याबरोबर जीभ लाल होऊन झोंबत असेल, जुलाब होत असतील, झोंप उडाली असेल वा भ्रम होत असेल, तर तो पेलाग्रा नांवाचा विकार असण्याचा संभव आहे. ब जीवनसत्त्वांपैकीं नायासीन शरीरास कमी पडल्यानें तो होतो. मानेवरील त्या हारास, १७३५ सालीं स्पेनमध्यें हा रोग प्रथम ओळखणाऱ्या कासाल या वैद्याचें नांव दिलेलें आहे. केवळ मक्यावर राहणाऱ्या लोकांत तो युरोप-अमेरिकेंत फार झाला. आपल्या दख्खनच्या पठारावर तो मुख्यतः जोंधळ्यावरच गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत आढळला, आणि हैदराबाद येथील पोषणविषयक प्रयोगशाळेंतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याकडे लक्ष वेधलें.

याचा अर्थ जोंधळा वाईट असा मुळींच नव्हे. भाकरीबरोबर डाळ, दूध, अंडें, मासळी किंवा शेंगदाणे असले म्हणजे हा रोग होत नाहीं. भुईमुगाच्या दाण्यांत नायासीन भरपूर असतें, आणि भुईमूग तर आमच्या रानांतलाच. सगळी शेंग बाजारांत न नेतां घरच्या लेंकरांसाठीं व गड्यांसाठीं मूठमूठ राखून ठेवली, तर औषधाचें काम घरींच होतें. आतां हा रोग पूर्वींइतका दिसत नाहीं. परंतु दारूच्या आहारीं जाऊन जेवण सोडलेल्या माणसांत तो अद्याप दिसतो. अशास मलम लावून उपयोग नाहीं. त्यास अन्न व जीवनसत्त्व दिलें पाहिजे.

चौथा जोडीदार : पोटांत घेतलेलें औषध

कांहीं औषधें चालू असतांना कातडी उन्हास फार हळवी होते. डॉक्सिसायक्लीन हें जंतुनाशक, रक्तदाबावर देण्यांत येणारें हायड्रोक्लोरोथायझाइड व सांधेदुखीवरील पायरॉक्सिकॅम हीं त्यांपैकीं होत. नवें औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत उघडें अंग भाजल्यासारखें झालें, तर त्या गोळ्यांचें पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावें. रक्तदाबाचें औषध आपल्याच मनानें मात्र बंद करूं नये. तें बदलून मिळूं शकतें.

जनावरांतही हाच नियम दिसतो. दुष्काळांत वैरण संपली म्हणजे गुरें घाणेरीचा पाला खातात. त्यानें यकृत बिघडतें, व चाऱ्यांतील हिरव्या द्रव्यापासून झालेला जो पदार्थ यकृतानें बाहेर टाकावयाचा, तो रक्तांत सांचून कातडींत येतो. मग ऊन लागतांच कातडी जळते. संकरित गाईच्या अंगावरील काळे ठिपके शाबूत राहून पांढरे ठिपके तेवढे सोलून निघालेले दिसले, तर "ऊन लागलें" म्हणून स्वस्थ बसूं नये. जनावर अंधाऱ्या गोठ्यांत बांधावें, घाणेरी तोडावी व पशुवैद्यास त्वरित बोलवावें.

निवारण

(१) वेळ. घड्याळापेक्षां सावलीवर भरंवसा ठेवावा. आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड झाली कीं ऊन कातडीस अपायकारक होऊं लागलें असें समजावें. मे महिन्यांत आमच्याकडे ही वेळ सुमारें सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत असते. डिसेंबरांत ती मध्यान्हाच्या आजूबाजूच्या अडीच तासांपुरतीच असते. आमच्या भागांत खरा मध्यान्ह घड्याळांत बारास नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास होतो, हेंही ध्यानांत असावें. उन्हाळ्यांत भांगलण, खुरपणी व तोडणी दिवस उगवतांच सुरू करून अकरापूर्वीं थांबवावी व उरलेलें काम चारनंतर करावें. मधल्या वेळीं झाडाखालचीं किंवा गोठ्यांतील कामें काढावीं.

(२) वस्त्र. कातडीचें सर्वांत स्वस्त व उत्तम रक्षण कापडानें होतें. दिव्यापुढें धरलें असतां ज्यांतून उजेड आरपार दिसतो तें कापड ऊनही तसेंच आंत सोडतें. घट्ट विणीचें व गडद रंगाचें कापड अधिक अडवितें. भांगलणीच्या वेळीं लुगड्यावरून घरच्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालण्याची जी रीत आमच्या बायकांनीं पाडली आहे, ती अगदीं योग्य आहे. पटका डोक्याचें उत्तम रक्षण करतो. त्याचा शेमला मानेवर सोडावा म्हणजे मानही झांकते. साध्या टोपीनें मात्र कपाळ, नाक, कान व मान उघडींच राहतात. तिच्याऐवजीं रुंद कडांची टोपी घालावी, किंवा वरून पंचा बांधावा.

(३) मलम. ऊन अडविणारीं मलमें बाजारांत मिळतात. त्यांवर एस्.पी.एफ्. ३० किंवा अधिक असा अंक असावा, तीं बाहेर पडण्यापूर्वीं पाव तास अगोदर भरपूर लावावीं, व घाम येत असल्यास दर दोन तासांनीं पुन्हां लावावीं. प्रत्येक मजुरास हा खर्च झेपणार नाहीं, व घामाधुळींत मलम टिकतही नाहीं. म्हणून सर्वांसाठीं कापड व सावली हेंच मुख्य होय. परंतु ज्यांस कोड आहे, ज्यांच्या कातडींत व केंसांत जन्मतःच रंगद्रव्य नाहीं, ज्यांस वांग आहे किंवा ज्यांची कातडी गाजर गवतानें हळवी झाली आहे, त्यांस मलम चैनीचें नसून गरजेचें आहे. रंगद्रव्य नसलेल्या माणसास तर शेतांतील दुपारचें काम देऊंच नये. त्याच्या बाबतींत कर्करोगाचें भय खरेंखुरें आहे.

(४) गाजर गवताचा नायनाट. फुलें येण्यापूर्वीं, पाऊस पडून जमीन मऊ असतांना, तें मुळासकट उपटावें. हातांत मोजे व अंगांत पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत, नाकातोंडावर फडकें बांधावें. ज्यास त्याचा त्रास आहे त्यानें या कामास हात लावूं नये. फुलण्यापूर्वीं उपटलेलें गवत खड्ड्यांत कुजवून खत करतां येतें. वाळलेल्या गवताचा ढीग घराजवळ घालूं नये. सुकल्यावरही त्याचा गुण जात नाहीं. हें गवत खाणारा मेक्सिकोंतील भुंगा १९८३ सालीं आपल्या देशांत आणून पुढील वर्षीं बंगळूरकडे सोडण्यांत आला व आतां तो बऱ्याच ठिकाणीं पसरला आहे. पावसाळ्यांत तो पानें फस्त करतो. परंतु कोरड्या दिवसांत जमिनींत दडून राहतो. म्हणून सर्व भार त्याच्यावर टाकतां येत नाहीं. एकट्यानें आपला बांध साफ करून भागत नाहीं. शेजाऱ्याच्या पडीकांतून बीं येतेंच. सबंध शिवाराचा एक दिवस नेमून हें काम झालें पाहिजे.

(५) स्वच्छता. शेतांतून आल्यावर तोंड, मान व हात साबणानें धुवावे व कामाचे कपडे निराळे ठेवावे. फवारणीचें औषध घामेजल्या अंगावर वाळूं देऊं नये.

इतकें सांगितल्यावर कोणी उन्हाचा धसका घेऊं नये. कोवळ्या उन्हाचा अंगास अपाय नाहीं, आणि हाडांस लागणारें ड जीवनसत्त्व शरीर उन्हाच्याच मदतीनें तयार करतें. आमचा रोख आहे तो उन्हाच्या अतिरेकाकडे व त्याच्या जोडीदारांकडे.

उपचार

कातडी ताजी भाजली असेल तर माणसास सावलींत आणून गार पाण्यानें भिजविलेलें स्वच्छ फडकें त्या जागीं पुन्हां पुन्हां ठेवावें. बर्फ थेट लावूं नये. पाणी, ताक वा सरबत प्यावयास द्यावें. दाह शमल्यावर कोरफडीचा गर, कॅलामाइन किंवा खोबरेल तेल लावावें. फोड फोडूं नयेत. चुना, रॉकेल, दंतमंजन, शेण असलें कांहीं त्यावर थापूं नये. त्यानें जखम चिघळते. अंग तापून माणूस असंबद्ध बोलूं लागला किंवा ग्लानींत गेला, तर तो कातडीचा विकार नव्हे, उष्माघात होय. अंगावर पाणी ओतून वारा घालावा व विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें. त्यासाठीं १०८ या क्रमांकाची गाडी बोलवावी.

वांग व काळे डाग यांवर झटपट उपाय नाहीं. ऊन टाळलें तर ते महिन्यामहिन्यानें फिके होतात. न टाळलें तर कोणत्याही मलमानें जात नाहींत. हळदीचा लेप आमच्या घरोघरीं लावतात. पण त्यानें ऊन अडत नाहीं. येथें एका मोठ्या धोक्याचा इशारा देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. गोरें होण्याचें, वांगाचें किंवा गजकर्णाचें म्हणून दुकानांतून चिठ्ठीवांचून जीं मलमें घेतलीं जातात, त्यांतील पुष्कळांत स्टिरॉइड असतें. आठ दिवसांत चेहरा उजळ दिसतो. पुढें कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, बायकांच्या तोंडावर केंस येतात, आणि मलम थांबवितांच आग होते. मग मलम सोडवत नाहीं. केंद्र सरकारनें २०१८ सालीं स्टिरॉइड असलेल्या चौदा प्रकारच्या मलमांस डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विक्रीची बंदी केली, ती याच कारणानें. हेंच औषध गाजर गवताच्या विकारांत डॉक्टर थोडे दिवस व मोजून देतात, आणि तेथें तें उपकारक ठरतें. औषध तेंच, त्याचें माप कोण ठरवितो यांत सारें आलें.

पुढील गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवूं नये. महिन्याभरांत न भरणारी जखम, विशेषतः ओंठावर, कानावर वा जुन्या भाजल्याच्या वणावर. वाढत जाणारा, रक्त येणारा वा कठीण झालेला चट्टा. पापण्यांची वारंवार सूज. आणि फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाहीं. या शेवटच्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावें. उन्हानें आलेला चट्टा कधींही बधिर होत नाहीं. चट्टा बधिर असला तर तो कुष्ठरोग असूं शकतो. सरकारी दवाखान्यांत त्यावर फुकट औषध मिळतें, वेळीं घेतल्यास तो पूर्ण बरा होतो, आणि त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. सातारा व सांगली येथील सरकारी रुग्णालयें आणि १९६२ सालीं स्थापन झालेलें मिरजेचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांत अशी तपासणी करून घ्यावी. जातांना पूर्वीं लावलेलीं सर्व मलमें, चालू असलेल्या गोळ्या, व संशय असल्यास पिशवींत घट्ट बांधलेलें रानांतील गवत बरोबर न्यावें. निदानास त्याची मोठी मदत होते.

आमची विनंति

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वर सांगितलेले नियम ज्यानें पाळावयाचे तो पुष्कळदां ते पाळण्यास मोकळा नसतो. दुपारच्या बारास कोण उन्हांत राहील हें भांगलणारी बाई ठरवीत नाहीं; रानाचा मालक ठरवितो. तिनें सावलींत बसावें असा उपदेश करणें सोपें आहे. तेवढी मजुरी कापली न जाण्याची हमी देणें हें खरें काम आहे. सकाळीं लौकर येऊन व संध्याकाळीं राहून तितकेंच तास भरत असतील, तर मालकाचें नुकसान होत नाहीं, उलट ताज्या अंगानें झालेलें काम अधिक नेटकें होतें. म्हणून आमची सभासदांस विनंति अशी कीं, येत्या उन्हाळ्यापासून प्रत्येकानें आपल्या रानांत कामाच्या वेळा बदलून पाहाव्या, पाण्याच्या घागरीजवळ एक पालाची सावली उभी करावी, आणि पहिल्या पावसानंतर गाजर गवत फुलावयाच्या आंत गांवानें एक दिवस शिवारास द्यावा. यांपैकीं कशासही मोठा पैसा लागत नाहीं. जी कातडी रोज आमच्या पिकासाठीं उन्हांत उभी राहते, तिच्यासाठीं एवढें करणें हें आमचें कर्तव्यच होय.